वर्डप्रेसचा ‘कच्चा’ एडिटर वापरून पाहिला: काय जमलं, कुठे फसलो?

भोसरी एमआयडीसीत माझ्या मामांचं छोटं लेथ वर्कशॉप आहे. त्यांची वर्डप्रेस साइट मी सांभाळतो, बहुतेक वेळा मोबाईलवरूनच. चाकणचे ग्राहक कामांची यादी तिथेच बघतात आणि मग फोन करतात. अशा साइटवर मी गुटेनबर्ग प्लगइन टाकून पाहिलं, आणि एक मोठी चूकही केली. तुमची होऊ नये म्हणून हा लेख.

गुटेनबर्ग म्हणजे काय?

पूर्वी वर्डप्रेसमध्ये सगळी पोस्ट एकाच चौकटीत लिहावी लागायची. 6 डिसेंबर 2018 ला वर्डप्रेस 5.0 आलं आणि ब्लॉक एडिटर सुरू झाला. आता परिच्छेद, फोटो, तक्ता हे सगळे वेगवेगळे ब्लॉक असतात. जुन्या छापखान्यात सुटे खिळे जुळवून पान तयार व्हायचं, तसंच हे. 15व्या शतकात युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या योहानेस गुटेनबर्गचंच नाव या प्रकल्पाला दिलंय.

मग प्लगइन कशाला?

ब्लॉक एडिटर तुमच्या साइटवर आधीच आहे. पण त्यातल्या नवीन सोयी आधी गुटेनबर्ग प्लगइनमध्ये येतात. त्याची नवी आवृत्ती साधारण दर दोन आठवड्यांनी निघते. चाचणीत टिकलेल्या गोष्टी पुढे मूळ वर्डप्रेसमध्ये जातात. उदाहरणार्थ, एखाद्या ब्लॉकवर सहकाऱ्यासाठी टीप लिहायची ‘नोट्स’ ही सोय आधी प्लगइनमध्ये आली आणि मग डिसेंबर 2025 मध्ये वर्डप्रेस 6.9 मधून सगळ्यांना मिळाली.

म्हणजे प्लगइन टाकलं की तुम्ही चाचणी घेणाऱ्यांपैकी एक झालात!

मोबाईलवर अनुभव कसा?

अधिकच्या चिन्हावर टॅप करा, ब्लॉक निवडा, लिहायला लागा. ब्लॉक वर-खाली करायला बोटाने ओढत बसू नका, टूलबारमधले बाण जास्त सोपे पडतात. पोस्ट लांबलचक असेल तर कॉम्प्युटरच्या मोठ्या स्क्रीनवर ‘लिस्ट व्ह्यू’ उघडा. सगळे ब्लॉक एकाखाली एक दिसतात.

माझी चूक

हा लिस्ट व्ह्यू मी उघडलाच नव्हता. प्रयोगही थेट चालू साइटवर केला. ब्लॉक हलवता हलवता कामांच्या यादीचा अख्खा ब्लॉक डिलीट झाला, आणि न बघताच मी ‘अपडेट’ दाबलं. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला, “अरे, ग्राहक विचारतोय, थ्रेडिंगचं काम बंद केलंत का?”

नशीब, वर्डप्रेस पोस्टच्या जुन्या प्रती ‘रिव्हिजन्स’मध्ये ठेवतं. तिथून आदल्या दिवशीची प्रत परत आणली. चूक एडिटरची नव्हती, माझ्या घाईची होती.

तुम्ही करून बघणार असाल तर

1. फक्त ओळख करून घ्यायची असेल तर ‘वर्डप्रेस प्लेग्राउंड’ वापरा. तो ब्राउझरमध्येच चालतो, होस्टिंग लागत नाही. पण सेव्ह केलं नाही तर पान रिफ्रेश झाल्यावर केलेलं काम जातं.
2. स्वतःच्या साइटवर करायचं असेल तर आधी बॅकअप घ्या आणि साइटच्या वेगळ्या प्रतीवर, म्हणजे स्टेजिंगवर, प्रयोग करा.
3. महत्त्वाचा ब्लॉक ‘लॉक’ करा, म्हणजे चुकून डिलीट होणार नाही.
4. फक्त प्लगइनमध्येच असलेला ब्लॉक खऱ्या पोस्टमध्ये वापरू नका. प्लगइन बंद केलं की साधे परिच्छेद, फोटो जसेच्या तसे राहतात, पण तो ब्लॉक एडिटरला ओळखू येत नाही.

मग वापरायचं का?

शिकायचं असेल तर जरूर वापरा. पुढे काय येणार ते आधीच कळतं, हात बसतो. पण ज्या साइटवर कोणाचं पोट अवलंबून आहे, तिथे मूळ वर्डप्रेसमधला एडिटरच बरा. मामांच्या साइटवरून मी प्लगइन काढून टाकलंय. प्रयोग आता स्टेजिंगवर चालतात, आणि कामांची यादी लॉक आहे.