गोधडीच्या पोटात काय भरावे?

थंडीच्या दिवसांत रात्री अंथरुणात शिरलो, की पहिली काही मिनिटे पांघरूण थंडगार लागते. मग हळूहळू अंग गरम होते आणि आपण पाय लांब करून झोपी जातो. सकाळी म्हणतो, "रजई फार उबदार आहे!" पण कोनाड्यात घडी करून ठेवलेल्या रजईला तापमापक लावून पाहा. तिचे तापमान खोलीतील हवेइतकेच भरेल. मग ही ऊब येते कोठून?

ती येते आपल्याच शरीरातून. झोपलेला मोठा माणूस साधारण ७० ते ८० वॅट इतकी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. म्हणजे जुन्या पद्धतीच्या ६० वॅटच्या दिव्यापेक्षा थोडी जास्तच! पांघरूण ऊब देत नाही. आपली ऊब बाहेर जाण्यास अटकाव करते. हे काम चांगले व्हावे यासाठी त्याच्या आत काय भरावे, हा आजचा आपला विषय आहे.

चुडाव्याच्या एका घरातील प्रश्न

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात, पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावर चुडावा हे गाव आहे. काळ्या जमिनीचा आणि कापसाचा हा मुलूख. उन्हाळा येथे भाजून काढतो, पण डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा सहा-सात अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो.

समजा, या गावातील एका घरी आजीची दहा वर्षांपूर्वी भरलेली कापसाची रजई आहे. ती आता जड वाटते, पण तिच्यात ऊब राहिलेली नाही. वडिलांना हरभऱ्याला पाणी देण्यासाठी रात्री शेतावर जावे लागते. तेथे दव पडते आणि पांघरूण ओले होते. शिवाय घरात तान्हे बाळ आहे. दारावर आलेला फेरीवाला गुबगुबीत, हलकी, रंगीत रजई दाखवतो. आत कृत्रिम धागा आहे. ती घ्यावी, की जुना कापूस पिंजून घ्यावा? घरात एकाच वस्तूपुरते पैसे आहेत. चुकीची निवड झाली, तर कोणाला तरी सगळी थंडी कुडकुडत काढावी लागेल. चला, या घराला विज्ञानाच्या मदतीने सल्ला देऊ.

दोन किलो कापूस आणि १४९ लिटर हवा

आधी एक सोपे गणित करू. रजईची लांबी २ मीटर, रुंदी दीड मीटर आणि नवी असताना जाडी ५ सेंटिमीटर धरू. तिचे आकारमान झाले ०.१५ घनमीटर, म्हणजे १५० लिटर. आत २ किलो कापूस आहे. कापसाच्या तंतूची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.५४ ग्रॅम असते. तेव्हा २,००० ग्रॅम कापसाने व्यापलेली खरी जागा सुमारे १,३०० घनसेंटिमीटर, म्हणजे अवघी १.३ लिटर! उरलेली १४८.७ लिटर जागा हवेने भरलेली आहे. आपण कापसाची रजई पांघरतो असे म्हणतो. खरे पाहता आपण हवा पांघरतो. तिच्यात कापूस शेकडा एकसुद्धा नाही.

स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे चोवीस पट अधिक उष्णता वाहून नेते. मग नुसती हवा भरलेली खोळ का चालत नाही? कारण मोकळी हवा स्थिर राहत नाही. अंगाजवळची हवा तापून हलकी होते व वर चढते, तिची जागा थंड हवा घेते. याला आपण अभिसरण म्हणतो. कापसाचे असंख्य तंतू या हवेच्या वाटेत उभे राहतात आणि तिला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवतात. म्हणजे भरणाचे काम एकच: हवा जागच्या जागी धरून ठेवणे.

आता आजीच्या रजईकडे वळू. तिच्यात आजही २ किलोच कापूस आहे. पण दहा वर्षे दबून तिची जाडी सरासरी १ सेंटिमीटर उरली आहे असे समजा. आकारमान झाले ३० लिटर. त्यातून कापसाचे १.३ लिटर वजा करता हवा उरली २८.७ लिटर, म्हणजे पूर्वीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी! थर एकपंचमांश झाला, की ढोबळमानाने त्यातून उष्णता पाचपट वेगाने निसटते. आजीचा कापूस हरवलेला नाही. हरवली आहे ती हवा.

बारीक की भरड?

कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी असते. बोंड उमलले, की ही नळीसारखी पेशी वाळते, चपटी होते आणि पिळलेल्या फितीसारखा आकार घेते. या पिळांमुळे तंतू एकमेकांना अगदी चिकटून बसत नाहीत. त्यांच्यामध्ये फटी राहतात.

तंतू जितके बारीक, तितके एका किलोत अधिक आणि हवेला अडथळाही अधिक. प्रयोगशाळेत कापसाची तलमता मोजताना याच गुणाचा उपयोग करतात. ठरावीक वजनाचा कापूस ठरावीक जागेत दाबून भरतात आणि त्यातून हवा सोडतात. हवा सहज गेली तर तंतू भरड, अडखळत गेली तर तलम. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली सुरू झालेली कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा आज केंद्रीय संस्था असून तेथे कापसाच्या अशा कसोट्या घेतल्या जातात.

मग रजईसाठी तलम कापूसच उत्तम का मानू नये? कारण तलम तंतू लवकर दबतो आणि उभारी धरत नाही. गोल तंतूची जाडी दुप्पट केली, तर तो तितकाच वाकवण्यासाठी सोळा पट बळ लागते. म्हणून भरड तंतू दाबल्यावर पुन्हा उसळून येतो.

पूर्वी घेतला जाणारा देशी कापूस बहुधा आखूड धाग्याचा व भरड असे. गिरणीत त्याला भाव कमी, पण गादी-रजईत तो चांगला टिके. पुढे नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा 'नांदेड-४४' हा संकरित वाण १९८० च्या दशकात शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला, आणि २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर देशी कापूस फारच थोडा उरला. परभणीला १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या महेबूब बाग केंद्रावर देशी कापसाचे लांब धाग्याचे वाण तयार झाले आहेत. गंमत पाहा, सूतगिरणीला हवा असतो लांब आणि तलम धागा, तर आजीच्या रजईला आखूड आणि भरड! एकाच कापसाचा गुण एकीकडे दोष ठरतो, दुसरीकडे लाभ.

पिंजाऱ्याची तात काय करते?

पिंजारी पिंजणाची ताणलेली तात कापसावर धरतो आणि लाकडी ठोकळ्याने तिला झटका देतो. तात वेगाने थरथरते, गुंतलेले पुंजके सुटे होतात आणि कापूस हवेत उडतो. कचरा व सरकीचे तुकडे वजनाने जड असल्याने खाली पडतात. आता हे काम बहुतेक ठिकाणी यंत्राचे दातेरी रूळ करतात. दोन्हींत कापसात नवे काहीच मिसळले जात नाही. त्यात पुन्हा हवा शिरते, एवढेच. मात्र दर पिंजणीत काही तंतू तुटतात. म्हणून फार वेळा पिंजलेला कापूस आखूड होऊन भुकटीसारखा झडू लागतो. असा कापूस थोडा नव्या कापसात मिसळावा.

पिंजताना उडणारी धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा विकार होतो. तेव्हा हे काम मोकळ्या हवेत आणि नाकातोंडावर फडके बांधूनच करावे.

इतर भरणे

जुनी लुगडी व धोतरे एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचे भरण म्हणजे कापडच. कापडात सूत घट्ट पिळलेले असल्याने हवा कमी मावते. म्हणून तेवढ्याच वजनाच्या रजईइतकी ती उबदार नसते. पण ती आणखी दबत नाही, गोळा होत नाही आणि घरी धुता येते. अंगाखाली अंथरायला ती उत्तम, कारण अंगाखालचे मऊ भरण आपल्या वजनाने दबून तसेही निरुपयोगी होते.

घोंगडीतील लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो, म्हणून तो हवा चांगली धरतो. नेहमीच्या दमट हवेत लोकर आपल्या वजनाच्या शेकडा १६ इतके बाष्प धरते आणि तरी ओली लागत नाही. कापूस शेकडा साडेआठ इतके बाष्प धरतो.

सावरीच्या बोंडातील कापूस तर निसर्गाचा नमुनाच आहे. त्याचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतो. पाणी आत शिरत नाही, म्हणून विसाव्या शतकात जीवरक्षक जाकिटांतही पांढऱ्या सावरीचा असा कापूस भरत. मात्र तो गुळगुळीत व ठिसूळ असल्याने रजईत जागेवर राहत नाही, उशीला ठीक.

कृत्रिम धाग्यांपैकी पॉलिएस्टरचा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन यांनी लावला. रजईसाठी त्याचा नागमोडी, पुष्कळदा पोकळ तंतू बनवतात. टाकाऊ बाटल्या वितळवूनही तो मिळतो. तो बाष्प शेकडा अर्ध्याहूनही कमी घेतो. त्यामुळे भिजला तरी लवकर सुकतो आणि दबल्यावर उसळतो. पण तो सुमारे २५० ते २६० अंशांना वितळून कातडीला चिकटतो, धुताना त्याचे सूक्ष्म कण पाण्यात जातात आणि तो मातीत कुजत नाही. कापूस वितळत नाही, पण पेटतो आणि आतल्या आत धुमसत राहतो. तेव्हा शेगडीपासून दोन्ही दूरच ठेवावेत.

टाके किती अंतरावर?

भरण कितीही चांगले असले, तरी ते एका कोपऱ्यात गोळा झाले तर मधली जागा नुसत्या कापडाची उरते. सुटा पिंजलेला कापूस धुताना व झटकताना सरकतो, म्हणून टाक्यांच्या ओळी जवळ, साधारण चार बोटांच्या अंतरावर घालाव्यात. तंतू एकमेकांत गुंतवून केलेला तयार थर असेल, तर अंतर जास्त चालते. पण टाका पडतो तेथे थर दबतो व हवा कमी होते, हेही विसरू नये. फार दाट शिवण म्हणजे पुन्हा वाकळच!

करून पाहा

१. एकाच आकाराच्या चार बाटल्यांत मोठ्या माणसाच्या मदतीने सारखेच गरम पाणी भरा. एक उघडी ठेवा. दुसरीभोवती ५० ग्रॅम पिंजलेला कापूस सैल गुंडाळा. तिसरीभोवती तेवढाच कापूस दोरीने आवळून बांधा. चौथीला ५० ग्रॅम वजनाचे जुने कापड गुंडाळा. दर दहा मिनिटांनी तापमान लिहा आणि तासाभराचा आलेख काढा. वजन तेच असूनही दुसऱ्या व तिसऱ्या बाटलीत फरक का पडला, ते सांगा.

२. रुंद तोंडाच्या बरणीत १० ग्रॅम कापूस सैल भरून उंची मोजा. त्यावर तासभर वजन ठेवा, मग काढून पंधरा मिनिटांनी पुन्हा उंची मोजा. नवा, जुना व पुन्हा पिंजलेला कापूस घेऊन शेकडा किती उभारी परत आली ते काढा.

३. शेतातील कापूस आणि औषधी कापूस पाण्यावर टाका. पहिला तरंगत राहील, कारण त्याच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. दुसऱ्याचे मेण क्षारात उकळून काढलेले असल्याने तो भिजून बुडेल.

मग त्या घराने काय करावे?

आजीची रजई टाकून देण्याचे कारण नाही. खोळ उसवून, कापूस पिंजून, किलोला पावभर नवा भरड कापूस मिसळून ती पुन्हा भरावी. पिंजणावळ नव्या रजईहून बहुधा कमीच पडेल. रजईला वरचेवर कडक ऊन दाखवावे. उन्हाने बाष्प निघून जाते आणि हाताने झटकली की तंतू मोकळे होतात.

वाचलेल्या पैशांत वडिलांसाठी हलकी कृत्रिम रजई जमली, तर दवात ती योग्य. नाहीतर जुनी घोंगडी आहेच. बाळासाठी जाड रजई मुळीच नको. त्याच्या नाकातोंडावर ती आली तर जीव गुदमरू शकतो. त्याला अंगभर कपडे घालावेत आणि खाली घट्ट, सपाट वाकळ घालावी.

पुढच्या वेळी कोणी "ही रजई चांगली तीन किलोची आहे" असे सांगितले, तर वजनावर भुलू नका. ती मुठीत दाबा आणि सोडा. किती उसळते ते पाहा, ओली झाली तर किती वेळात सुकेल ते विचारा, टाक्यांमधले अंतर बोटांनी मोजा. किंमत कापसाची असते, पण रात्र काढायची असते ती हवेच्या भरवशावर.