पैसा की घडवणं? बेसबॉलमधला एक धडा



चौथीच्या वर्गात खेळांवर गप्पा चालल्या होत्या. एकाने विचारलं, "सर, ज्याच्याकडे जास्त पैसा, तोच संघ जिंकतो ना?" या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये छान सापडतं. तिथल्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. पगारावर पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेपुढे गेलं की फक्त कर भरावा लागतो.

२००२ सालचं उदाहरण बघा. न्यूयॉर्क यँकीजचा पगाराचा खर्च सुमारे साडेबारा कोटी डॉलर, तर ऑकलंडचा जेमतेम चार कोटी. तरी दोघांनीही १०३ सामने जिंकले! 'मनीबॉल' चित्रपट याच ऑकलंडवर आहे. त्यात इतरांनी नाकारलेल्या, स्वस्तात मिळालेल्या खेळाडूंवर भर आहे. पण हडसन, मल्डर, झिटो हे चेंडू फेकणारे तिघे आणि तेहादा हा फलंदाज ऑकलंडने स्वतः घडवले होते, हे विसरून चालणार नाही.

हे परवडलं कसं? नियम असा, की नवा खेळाडू मेजर लीगमध्ये साधारण सहा हंगाम त्याच संघाच्या ताब्यात राहतो. पहिली तीन वर्षं पगार किमान रकमेच्या आसपास असतो. पुढे तो वाढतो, पण मनाप्रमाणे दुसरीकडे जाता येत नाही. म्हणजे घडवणाऱ्याला ऐन उमेदीतला खेळ स्वस्तात मिळतो. मुलं घडवण्यासाठी खाली मायनर लीगचे संघ असतात. त्याला 'फार्म' म्हणजे शेत म्हणतात. पेरा, वाढवा, मग काढणी! ही पद्धत ब्रँच रिकी यांनी सेंट लुईसच्या संघात १९२० च्या दशकात रुजवली.

मग पैशाला किंमत नाही का? आहे ना! सहा वर्षं संपली की खेळाडू मोकळा. तेहादा बाल्टिमोरला गेला, झिटो १२.६ कोटी डॉलरच्या करारावर सॅन फ्रान्सिस्कोला. पीक ऑकलंडचं, बाजार दुसऱ्याचा. आपल्याकडे घडलेलं लेकरू मोठ्या शाळेत जाताना बघणाऱ्या शिक्षकाला हे वेगळं सांगायला नको.

पण नुसता पैसाही पुरत नाही. २०२३ मध्ये सर्वांत महागडा संघ न्यूयॉर्क मेट्सचा होता. त्यांनी १६२ पैकी ७५ च सामने जिंकले. उलट २०२४ चे विजेते लॉस एंजेलिस डॉजर्स बघा. ओहतानीशी १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार, आणि सोबत विल स्मिथसारखे घरचे खेळाडूही.

म्हणून त्या मुलाला मी सांगितलं, "पैशाने तयार खेळाडू आणता येतो, टिकवताही येतो. पण आधी कुणीतरी तो घडवावा लागतो."

पालकहो, शाळा निवडताना फी किती हे जरूर बघा. पण तिथे मूल घडतं का, हे त्याआधी बघा.