‘विदेशी’ म्हणजे कोठली?

बाहेरच्या माणसाला आमची देवणी ठाऊक असते ती देवणी जातीच्या बैलांमुळे. कर्नाटकची सीमा येथून फार दूर नाही. भालकी, औराद, बिदर ही गावे आम्हांला परराज्यातील वाटतच नाहीत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत आमचा उदगीर तालुकाच मुळी बिदर जिल्ह्यात होता. आजही सोयरिकी तिकडे, बाजारहाट तिकडे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या आतेभावाने घरच्या हळदीसाठी सीमेपलीकडून सहा बाटल्या आणल्या. दुकान परवान्याचे होते, पैसे रोख मोजले होते. अलीकडे आल्यावर वाटेत तपासणी झाली. बाटल्या गेल्या, मोटारसायकल जप्त झाली आणि दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा नोंदला गेला. पोलीस भरतीसाठी दोन वर्षे पहाटे धावणारा हा मुलगा आता कोर्टाच्या तारखांना हजर राहतो. आत्या मला म्हणाली, “तू कॉलेजात शिकतूस ना? मग दुकानातून इकत घेतलेली बाटली चोरीची कशी झाली, ते मला सांग.” मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी, कायद्याचा नव्हे. तरीही या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम ‘विदेशी’ हा शब्द पाहू. तालुक्याच्या गावी ‘देशी’ आणि ‘विदेशी’ अशा दोन पाट्या आपण वाचतो. ज्याला आपण बोलताना ‘इंग्लिश’ म्हणतो, ती व्हिस्की, रम, ब्रँडी कायद्याने विदेशी ठरते. मग ती नाशिकला बनलेली असो की स्कॉटलंडात. वस्तुतः तिच्यातील बहुतेक माल ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असतो आणि तो मुख्यतः उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर तयार होतो. म्हणजे ऊस आपला, मळी आपली, कारखाना आपला. विदेशी एवढे नावच! युरोपात तर मळीच्या मद्याला ‘व्हिस्की’ म्हणून विकताही येत नाही. तेथे व्हिस्की धान्याचीच असावी लागते.

जी खरोखर परदेशातून येते, तिला दोन दरवाजे ओलांडावे लागतात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे परदेशी व्यापार व सीमाशुल्क केंद्राकडे, तर मद्याचा ताबा, वाहतूक, विक्री व त्यावरील उत्पादन शुल्क राज्याकडे आहे. पहिला दरवाजा न्हावा शेवासारख्या बंदराचा. स्कॉच व्हिस्कीवरील सीमाशुल्क वर्षानुवर्षे १५० टक्के राहिले; म्हणजे हजार रुपयांची बाटली बंदरातून बाहेर पडतानाच अडीच हजारांची होई. दुसरा दरवाजा राज्य उत्पादन शुल्क विभागाचा. तेथे लेबलाची नोंदणी होते, शुल्क भरले जाते आणि मग माल एफ.एल.-१ या ठोक परवान्यातून एफ.एल.-२ च्या दुकानात अथवा एफ.एल.-३ च्या परमिट रूममध्ये पोहोचतो. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरील हे शुल्क नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. शेजारच्या राज्यांतील भावाशी मेळ बसावा आणि चोरटा माल थांबावा, हा त्यामागचा हेतू.

या दोन दरवाजांपायी जगाशीही तंटे झाले आहेत. २००७ साली केंद्राने आयात मद्यावरील अतिरिक्त शुल्क काढून घेतले, तेव्हा काही राज्यांनी आपापले आकार बसविले. त्याविरुद्ध युरोपीय समुदायाने २००८ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि तीत महाराष्ट्राचे नाव होते. पुढे जुलै २०२५ मध्ये भारत व ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. त्यात स्कॉचवरील १५० टक्के सीमाशुल्क प्रथम ७५ वर आणि दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले.

आता दुसरा शब्द, ‘आयात’. आत्याच्या प्रश्नाचे उत्तर याच शब्दात आहे. आपण समजतो, आयात समुद्रापलीकडून होते. परंतु १९४९ च्या दारूबंदी कायद्यात देशाच्या सीमेवरून होणारी आयात वेगळी धरली असून, नुसती ‘आयात’ म्हणजे दुसऱ्या राज्यातून मद्य आणणे. भालकीहून देवणीला आणलेली बाटली ही कायद्याच्या भाषेत आयातच होय! तिकडचे शुल्क तिकडच्या तिजोरीत गेलेले असते. इकडच्या तिजोरीत काहीच आलेले नसते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि पुष्कळ मालाच्या वाटेवरचे कराचे नाके उठले. मद्य मात्र त्या कराबाहेरच राहिले. मद्यावर नियंत्रण ठेवण्याचा मुंबई राज्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या बलसारा खटल्यात मुख्यतः मान्य केला. मद्याचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, हेही १९९४ साली खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्ट झाले.

येथे एक विसंगती मनाला बोचते. घटनेचे ४७ वे कलम राज्याला दारूबंदीकडे जाण्यास सांगते. आपल्या कायद्याचे नावही दारूबंदीचेच. पिणाराला आजही परवाना लागतो. आणि जून २०२५ मध्ये महसूल वाढावा म्हणून त्याच राज्याने विदेशी मद्यावरील शुल्क वाढविले, शिवाय ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्याच्या मद्याचा नवा वर्ग निर्माण केला. मी मद्याची बाजू घेत नाही. आमच्या गल्लीत दारूने मोडलेले संसार मी पाहिले आहेत. परंतु राज्य बाटलीकडे पाप म्हणून पाहते की उत्पन्न म्हणून, हे नागरिकाला कळले पाहिजे. सीमेवर अडवलेल्या पोराला तर आधीच कळले पाहिजे.

हे सारे मी आत्याला समजावून सांगितले. भरतीच्या अर्जात ‘गुन्हा प्रलंबित आहे काय?’ असा रकाना असतो, हे तिला आता पाठ झाले आहे. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, “दुकानावर एवढी मोठी पाटी लावत्यात. मग ‘हितनं पुढं बाटली नेऊ नका’ अशी एक पाटी शिवंवर लावाया काय झालं व्हतं?”

याचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.