वजन घटलं म्हणजे चोरी झाली का?



उन्हाळा लागला की आपल्या गटांमध्ये मिरची, पापड, कुरडया, सांडगे यांची कामं निघतात. त्यासोबत एक प्रश्नही दरवर्षी कुठल्या ना कुठल्या बैठकीत येतो. दहा किलो ओली लाल मिरची घेतली, पावती आहे, सगळ्यांसमोर मोजली. काही दिवसांनी वाळून पुन्हा काट्यावर ठेवली तर तीन किलोसुद्धा भरत नाही. उघड कुणी काही बोलत नाही, पण ज्या ताईच्या गच्चीवर मिरची वाळत होती तिच्याकडे नजरा वळतात. "इतकी कशी गेली गं?" एवढ्या एका वाक्यावरून वर्षानुवर्षं चांगला चाललेला गट मोडायला येतो.

म्हणून या अंकात आपण मिरचीचं वजन नेमकं कुठे जातं ते समजून घेऊ. हे शाळेच्या पुस्तकातलं विज्ञान आहे, पण गटाच्या नोंदवहीत ते रोज लागतं.

पदार्थ म्हणजे काय?

ज्याला वजन आहे आणि जे जागा व्यापतं, ते द्रव्य. दगड, धान्य, मीठ हे स्थायू म्हणजे घट्ट. पाणी, तेल, दूध हे द्रव म्हणजे वाहणारे. हवा, वाफ, गॅस हे वायू. यातल्या पहिल्या दोघांना वजन असतं हे आपल्याला पटतं. वायूचं मात्र पटत नाही, कारण तो दिसत नाही आणि हातात धरता येत नाही.

पण घरातली गॅसची टाकी आठवा. भरलेली टाकी उचलताना कंबर धरते आणि रिकामी टाकी एका हाताने सरकते. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो, हे आपल्याला माहीत आहे. टाकीत तो दाबाखाली द्रव रूपात असतो, खालीवर हलवलं तर हिंदकळलेला कळतो. बर्नरपर्यंत येताना त्याचा वायू होतो, आणि जळाला की त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तयार होऊन हवेत मिसळतात. तीन आठवड्यांत चौदा किलो माल आपल्या डोळ्यांसमोर घरातून गेला, पण "गॅस चोरीला गेला" असं आपण म्हणत नाही. तो कुठे गेला ते आपल्याला माहीत असतं.

मिरचीचंही तसंच आहे. तिच्यातलं पाणी वाफ होऊन हवेत गेलेलं असतं. पाण्याची वाफ व्हायला ते उकळावंच लागतं असं नाही. दोरीवरचं लुगडं उकळत नाही, तरी वाळतं. याला बाष्पीभवन म्हणतात. ऊन जेवढं कडक, वारा जेवढा खेळता आणि माल जेवढा पातळ पसरलेला, तेवढं ते लवकर होतं. पावसाळ्यात हवेतच वाफ भरपूर असते, त्यामुळे पाणी बाहेर जायला वेळ लागतो. उलट कोरडा पापड हवेतलं पाणी ओढून घेतो आणि सादळतो.

हिशोब करून बघू

समजा, दहा किलो ओल्या मिरचीत शंभरात ७५ भाग पाणी आहे. म्हणजे साडेसात किलो पाणी आणि अडीच किलो कोरडा भाग: साल, बी, देठ, रंग, तिखटपणा. उन्हात फक्त पाणी जातं, हा अडीच किलोचा भाग जात नाही. वाळलेल्या मिरचीतही थोडं पाणी उरतंच. ते शंभरात १० भाग धरलं, तर वाळलेली मिरची भरेल साधारण २ किलो ७८० ग्रॅम. बाकीचं सात लिटरहून जास्त पाणी गच्चीवरून हवेत गेलं. एक लिटर पाण्याचं वजन जवळपास एक किलो असतं, म्हणून हा हिशोब सोपा पडतो.

पण सगळी मिरची सारखी नसते. जात कोणती, तोडा कितवा, झाडावर किती सुकली होती, यावर पाणी कमीजास्त असतं. शंभरात ६५ भाग पाणी असेल तर दहा किलोचे ३ किलो ९०० ग्रॅमच्या आसपास होतात, आणि ८० भाग असेल तर फक्त २ किलो २०० ग्रॅम. म्हणून "मागच्या वर्षी तर साडेतीन भरली होती" असं म्हणून कुणाकडे बोट दाखवणं बरोबर नाही.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? त्यासाठी नमुन्याचा किलो ठेवा. खरेदीच्या दिवशी त्याच ढिगातली एक किलो मिरची सगळ्यांसमोर वेगळी मोजा आणि त्याच गच्चीवर, त्याच उन्हात, वेगळ्या सुपात वाळवा. शेवटी ती २८० ग्रॅम भरली, तर मोठा ढीग एका किलोमागे साधारण तेवढाच भरायला हवा. थोडाफार फरक राहील. पण नमुना २८० ग्रॅम देतो आणि ढीग किलोमागे १५० ग्रॅमच देतो, तर मात्र विचारायला हरकत नाही. असं केलं की संशय माणसावर न जाता काट्यावर सोपवता येतो.

हे पहिल्यांदा कुणी मोजलं?

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लव्हाझिए नावाचा शास्त्रज्ञ होता. वस्तू जळते, गंजते, तेव्हा तिचं नेमकं काय होतं, हा प्रश्न त्याच्यासमोर होता. त्याने बंद भांड्यात प्रयोग केले आणि आधी-नंतर काटेकोर वजन केलं. भांडं बंद असेल, आतलं काही बाहेर जात नसेल, तर बदलाच्या आधीचं आणि नंतरचं एकूण वजन सारखंच राहतं, असं त्याला दिसलं. १७८९ साली त्याने हे पुस्तकात मांडलं. मुलांच्या नववीच्या विज्ञानात यालाच द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणतात.

त्याची बायको मारी-ॲन प्रयोगाच्या वेळी नोंदी ठेवायची, आणि त्या पुस्तकातली उपकरणांची चित्रंही तिनेच काढली. वजनं कितीही नेमकी घेतली, तरी ती कुणीतरी लिहून ठेवली तरच पुढे कामाला येतात. आपल्या गटातल्या लेखनिक ताईंचं काम त्याच जातीचं आहे.

रूप बदललं की पदार्थच बदलला?

बदल दोन प्रकारचे असतात. मिरची वाळली, कांडली, तिखट झालं, तरी पदार्थ तोच राहिला, फक्त पाणी गेलं आणि आकार बारीक झाला. हा भौतिक बदल. पुष्कळांना वाटतं की मागे फिरवता येतो तोच भौतिक बदल. पण तिखटाची पुन्हा अख्खी मिरची करता येत नाही, तरी कांडणं हा भौतिकच बदल आहे. खरा प्रश्न एवढाच विचारायचा: नवा पदार्थ तयार झाला का?

खोबरं, धणे, तीळ भाजले की रंग आणि वास बदलतो, कारण नवे पदार्थ तयार होतात. लाकूड जळून राख होते. हे रासायनिक बदल. चुलीतली राख लाकडापेक्षा कितीतरी हलकी असते, कारण बाकीचं द्रव्य धूर आणि वायू होऊन उडून जातं. वाळलेली मिरची महिनोन् महिने उन्हात ठेवली की लाल रंग उडतो, तोही रासायनिक बदलच. गेलेला रंग परत येत नाही आणि भाव पडतो. म्हणून वाळली की लगेच सावलीत, झाकून ठेवा.

कांडपावर जो ठसका लागतो, तो तिखटाचे बारीक कण हवेतून नाकात गेल्यामुळे. तेही वजनातून गेलेलंच असतं. थोडं यंत्रात चिकटून राहतं. कांडल्यावर थोडी घट येणारच.

पैशाचा प्रश्न

वाद मिटला तरी इथे नुकसान होतं. समजा ओली मिरची ६० रुपये किलोने दहा किलो घेतली. खर्च ६०० रुपये. वाळून २ किलो ७८० ग्रॅम भरली. २०० ग्रॅम देठ निघाले, ८० ग्रॅम कांडपात गेलं. हातात तिखट आलं अडीच किलो. म्हणजे एका किलो तिखटामागे नुसत्या मिरचीचा खर्च २४० रुपये. मजुरी, कांडप, पाकीट, गाडीभाडं अजून धरलेलंच नाही. ज्या गटाने "साठची मिरची, दोनशेला तिखट, चांगला नफा" असा विचार केला, त्याने प्रत्येक किलोला पदरचे पैसे घातले. नंदुरबारसारख्या मोठ्या मिरची बाजारात ओल्या आणि सुक्या मिरचीचा भाव वेगळा बोलला जातो तो याचसाठी. व्यापारी पाण्याचा हिशोब आधी करतो. आपणही करायला हवा.

पूर्ण वाळली हे कसं ओळखायचं?

मिरची हलवली की बी खुळखुळतं आणि वाकवली की कडकन मोडते, हे आपल्याला माहीत आहे. काट्याची खूण आणखी पक्की. नमुन्याचं सूप आज संध्याकाळी मोजा, उद्या दिवसभर ऊन देऊन पुन्हा मोजा. वजन आणखी घटलं नाही, तर जायचं तेवढं पाणी गेलं.

वजन जास्त भरावं म्हणून ओलसर माल पाकिटात भरू नका. अन्न सुरक्षेच्या नियमानुसार तिखटात पाणी शंभरात ११ भागांपेक्षा जास्त चालत नाही. ओलसर मिरचीला बुरशी लागते, आणि काही बुरशींमधून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक आहे, आणि फोडणीत घातलं किंवा शिजवलं तरी पूर्ण जात नाही. आपलं तिखट गावातल्याच लेकरांच्या ताटात जातं.

अजून एक. कांडून आणलेलं तिखट गरम असतं. तसंच पाकिटात भरलं तर त्यातली वाफ थंड होऊन आतून पाण्याचे थेंब धरतात, जसे भाताच्या झाकणाला धरतात. याला संघनन म्हणतात. म्हणून तिखट स्वच्छ कोरड्या जागी पसरून पूर्ण निवू द्या, मगच पाकीट बंद करा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

नोंदवहीत प्रत्येक मालासाठी चार रकाने आखा: ओलं वजन, वाळल्यावरचं वजन, देठ काढल्यावरचं वजन, कांडल्यावरचं वजन. प्रत्येक वेळी दोघींनी मिळून मोजायचं आणि दोघींनी सही करायची. नमुन्याचा किलो त्याच पानावर खाली लिहायचा. विक्रीचा भाव शेवटच्या रकान्यावरून काढायचा, पहिल्यावरून नाही. आंबोशी, आवळा, कोकम, मोहाची फुलं, काहीही वाळवत असाल तर हीच पद्धत चालेल. फक्त प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल.

तुमच्या गावात कोणत्या मालाच्या एका किलोचे किती ग्रॅम होतात, ते प्रभागसंघाच्या कार्यालयात लिहून पाठवा. पुढच्या अंकात सगळ्या गावांचे आकडे एकत्र छापू. मग नवा गट काम सुरू करेल तेव्हा त्याला अंदाजाने भाव ठरवावा लागणार नाही, आणि गच्चीवर माल वाळवणाऱ्या ताईला मान खाली घालावी लागणार नाही.