‘दृष्टांत’ आणि ‘प्रकटीकरण’ : ख्रिस्ती आध्यात्मिक दृष्टीच्या उगमासंबंधी एक शब्दविचार

‘देवीचा दृष्टांत झाला’ हे वाक्य खानदेशात आजही सहज कानी पडते. चैत्रात जळगाव-धुळ्याकडून सप्तशृंगीला पायी निघणाऱ्या भाविकाच्या नवसामागे पुष्कळदा असाच एखादा दृष्टांत असतो. त्याच प्रदेशातील ख्रिस्ती मंडळीत मराठी पवित्र शास्त्र वाचले जाते, तेव्हा यापो येथे घराच्या धाब्यावर प्रार्थनेस बसलेल्या पेत्राला जे दिसले, त्यासही ‘दृष्टांत’ हाच शब्द येतो. (धाब्याच्या घरांच्या या मुलखात तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्यास सायास पडत नाहीत.) शब्द एक; परंतु त्यामागील अपेक्षा भिन्न आहेत. ही भिन्नता ध्यानी न आल्यास ख्रिस्ती परंपरा आपल्या आध्यात्मिक दृष्टीचे मूळ ईश्वरी प्रकटीकरणात का शोधते, हे इतर मराठी वाचकास उमगत नाही; आणि खुद्द ख्रिस्ती वाचकासही आपले स्वप्न कोणते व देवाचे सांगणे कोणते, याचा विवेक करणे जड जाते.

‘दृष्टांत’ या शब्दाचा मराठीतील इतिहास दुपदरी आहे. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त तो चक्रधरांनी तत्त्व विशद करण्यासाठी सांगितलेल्या छोट्या कथांना लागतो, म्हणजे तेथे त्याचा अर्थ उदाहरण. वारकरी परंपरेत मात्र तुकोबांना स्वप्नात कवित्वाची आज्ञा झाली, अशा प्रकारच्या अनुभवास तो लागतो. मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांनी येथे एक सोय केली. येशूने सांगितलेल्या बोधकथांना त्यांनी ‘दाखला’ म्हटले, आणि ‘दृष्टांत’ हा शब्द ईश्वरी दर्शनासाठी राखून ठेवला.

या दृष्टांताचे स्वरूप पेत्राच्या प्रसंगावरून चांगले कळते. त्याला आकाशातून उतरणारे चांदव्यासारखे पात्र दिसते. त्यात शास्त्राने निषिद्ध ठरविलेले प्राणी आहेत, आणि ते मारून खाण्याची आज्ञा होते. तो नकार देतो. हे तीनदा घडते, तरी त्याला अर्थ कळत नाही. तो विचारात पडलेला असतानाच कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची माणसे दारात येतात. परराष्ट्रीयाच्या घरी पाऊल टाकल्यावर मग अर्थ उलगडतो : प्रश्न प्राण्यांचा नव्हता, माणसांचा होता. पुढे यरुशलेमेतील बंधुजन त्याला जाब विचारतात आणि त्याला सर्व हकीकत क्रमाने सांगावी लागते. दर्शन एकट्याला झाले. त्याची पारख मात्र मंडळीपुढे झाली. बालक शमुवेलाचीही गोष्ट अशीच आहे. हाक देवाची, पण ती एलीची समजून तो तीनदा धावत गेला. हाक कोणाची हे त्याला सांगावे लागले ते वृद्ध एलीनेच.

येथे मराठीचे व्याकरण एक मार्मिक साक्ष देते. ‘मी दर्शन घेतले’ या वाक्यात भक्त कर्ता आहे. तो रांगेत उभा राहतो, गाभाऱ्यात जातो आणि दर्शन घेतो. ‘मला दृष्टांत झाला’ येथे तोच भक्त ‘ला’ प्रत्ययाच्या आश्रयास जातो. तो अनुभव घेणारा आहे, घडविणारा नव्हे. ‘साक्षात्कार’ हा शब्द दोन्हींच्या मध्ये उभा आहे : साक्षात्कार ‘होतो’, तसाच साधनेने तो ‘करून घेता’ही येतो. ‘प्रकटीकरण करून घेतले’ असे मात्र कोणी म्हणत नाही.

‘प्रकटीकरण’ हे नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकाचे मराठी नाव. मूळ ग्रीक शब्द ‘अपोकॅलिप्सिस’ याचा अर्थ झाकण किंवा पडदा दूर करणे. संस्कृत व्याकरणात ‘च्वि’ प्रत्ययाने होणाऱ्या अशा रूपांचा अर्थ, जे तसे नव्हते ते तसे करणे, असा सांगितला आहे. म्हणून जे प्रकट नव्हते ते प्रकट करणे म्हणजे प्रकटीकरण. पडदा आतून सारला जातो. मग शोधणाऱ्याने करावयाचे काय? वचन वाचणे, प्रार्थनेत थांबून राहणे, आणि जेवढे कळले तेवढे पाळणे. नीतिसूत्रांच्या 29व्या अध्यायात, दर्शन नसेल तर लोक स्वैर होतात अशा आशयाचे एक वचन आहे. त्यातील ‘हाझोन’ हा हिब्रू शब्द संदेष्ट्यांना घडणाऱ्या दर्शनाचा आहे, आणि वचनाच्या उत्तरार्धात नियमशास्त्र पाळण्याचा उल्लेख आहे. अलीकडे सभासंमेलनांतून ते वचन ‘व्हिजन’ म्हणजे संस्थेची भावी योजना, या अर्थाने वापरले जाते. तो अर्थ मुळात नाही.

परंपरेचे शब्द घ्यावेत की टाळावेत, याविषयी मराठी ख्रिस्ती लेखकांत एकमत नव्हते. पंडिता रमाबाईंनी (1858–1922) हिब्रू व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती सदनात संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने दूर ठेवले आणि खेड्यातील बाईस कळेल असे साधे मराठी पसंत केले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा (1861–1919) मार्ग उलट होता. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. अभंग हेच त्यांच्या ख्रिस्तानुभवाचे माध्यम झाले. खानदेशातील धरणगावचे बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्या घरी मुलासारखे राहिले होते. ख्रिस्ताचा आदेश झाल्याच्या जाणिवेने टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. दोन वर्षांच्या आतच त्यांचा मृत्यू झाला, त्यामुळे त्या आदेशाची मंडळीपुढे पारख होण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही, असे म्हणावे लागते.

हा वाद खानदेशात दुसऱ्या रूपाने जिवंत आहे. तेथील अनेक ख्रिस्ती कुटुंबांची घरची भाषा मावची, भिली किंवा अहिराणी आहे. मावची व अहिराणीत नव्या कराराची भाषांतरेही झाली आहेत. अशा भाषांतरकारापुढे पेत्राचा प्रसंग आला की मार्ग थोडेच उरतात. ‘स्वप्न’ म्हणावे, तर पेत्र भर दुपारी प्रार्थना करीत होता आणि भुकेला होता, झोपलेला नव्हता. ‘दृष्टांत’ ठेवावा, तर ऐकणाऱ्यास प्रथम देवीच आठवेल. ‘देवाने दाखवले’ असे सरळ म्हटल्यास कर्ता कोण, हे पक्के राहते. मात्र दाखवले म्हणजे त्याला तेव्हाच कळले, असा समज होऊ नये म्हणून पुढच्या वाक्यात पेत्र कसा गोंधळला हे अधिक ठसठशीतपणे मांडावे लागते.