विश्लेषण : गोव्यात जीआय, कोकणात खत! काजूच्या बोंडाचे नशीब सीमेपलीकडे का बदलते?

मार्च उजाडला की गोव्यात आणि गोव्यावर जीव असलेल्या खवय्यांच्या गप्पांमध्ये एक प्रश्न हमखास येतो, ‘हुर्राक मिळायला लागला का?’ मग विषय वाढत जातो. कोणी म्हणतो, हुर्राक घ्यावा तर लिमका, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालूनच. कोणाला मुंबईतल्या बारमध्ये कोकम घालून मिळालेले फेणीचे कॉकटेल आठवते. एवढ्यात एखाद्या मालवणी घरातून प्रश्न येतो, ‘ते राहू दे, ओल्या काजूगरांची उसळ झाली की नाही यंदा?’

हुर्राक, फेणी आणि उसळ ही तिन्ही एकाच झाडाची देणगी आहे. पण या झाडाचे बोंड गोव्यात ‘वारसा पेय’ होते आणि तिथून काही किलोमीटरवरच्या सिंधुदुर्गात बहुतांश झाडाखाली कुजते. असे का होते?

हुर्राक आणि फेणीत नेमका फरक काय?

काजूचे बोंड झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलेच गोळा करतात. बी वेगळी करून बोंडे तुडवली किंवा चेचली जातात. पूर्वी यासाठी खडकात कोरलेली कुंडे असत, आता अनेक ठिकाणी यंत्रे आली आहेत. लगदा दाबून रस काढला जातो आणि तो काही दिवस आंबवला जातो. बोंडावरचे नैसर्गिक यीस्टच त्यातील साखरेचे अल्कोहोल करते. बाहेरून यीस्ट किंवा साखर घालण्याची गरज पडत नाही.

हा आंबवलेला रस भट्टीवर चढवून पहिल्यांदा ऊर्ध्वपातन केले की मिळतो तो हुर्राक, म्हणजेच उर्राक. त्यात अल्कोहोल साधारण १५ टक्के असते. हुर्राकमध्ये पुन्हा आंबवलेला रस मिसळून दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन केले की फेणी तयार होते. तिच्यात अल्कोहोल ४२ टक्क्यांच्या आसपास असते. भट्टीवर आजही ‘ग्राव’ हे पोर्तुगीज काळातले माप बोलले जाते. फेणी साधारण १८ ते २० ग्रावची असते.

यामागचे तंत्र शाळेत शिकलेलेच आहे. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशांना. त्यामुळे तापवलेल्या रसाच्या वाफेत अल्कोहोलचे प्रमाण जास्त असते. ती वाफ थंड केली की रसापेक्षा कडक द्रव मिळतो. हे जितक्या वेळा करावे तितका कडकपणा वाढतो.

हुर्राक फक्त उन्हाळ्यातच का मिळतो?

काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत असतो. हुर्राकमध्ये अल्कोहोल कमी असल्याने तो फार टिकत नाही आणि त्याचा फळासारखा ताजा वासही उतरतो. त्यामुळे तो हंगामातच प्यायला जातो. फेणी मात्र काचेच्या मोठ्या बरण्यांत वर्षानुवर्षे ठेवता येते. गोव्यातल्या जुन्या घरांत अशा बरण्या जपलेल्या असतात. सर्दी-पडशाला फेणी लावण्याची पद्धतही तिथे आहे, पण तो घरगुती समज झाला, औषध नव्हे.

काजू मूळचा गोव्याचा आहे का?

नाही. काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. त्याआधीपासून गोव्यात माडाच्या सुरीपासून मद्य काढले जात होते. तीच नारळाची फेणी, जी आजही मुख्यतः दक्षिण गोव्यात मिळते. माडावर वापरले जाणारे तंत्र पुढे काजूच्या रसाला लागू झाले. ‘फेणी’ हा शब्द फेस या अर्थाच्या ‘फेन’ या संस्कृत शब्दावरून आल्याचे मानले जाते. फेणी हलवली की वर येणारे बुडबुडे पाहून जाणकार आजही तिचा कस ठरवतात.

फेणी गोव्याबाहेर इतकी वर्षे का पोहोचली नाही?

याचे उत्तर चवीत कमी आणि कायद्यात जास्त आहे. गोव्याच्या अबकारी कायद्यात फेणीची नोंद ‘देशी दारू’ अशी होती. प्रत्येक राज्यात देशी दारूचे नियम, परवाने आणि दुकाने वेगळी असतात. त्यामुळे देशी म्हणून नोंदलेले मद्य दुसऱ्या राज्यातल्या हॉटेलच्या बारमध्ये सहज विकता येत नाही.

२००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, मिळाले. २०१६ मध्ये गोवा सरकारने कायद्यात बदल करून फेणीला ‘वारसा पेया’चा दर्जा दिला आणि २०२१ मध्ये स्वतंत्र फेणी धोरण आणले. त्यानंतर चांगल्या बाटल्या, नवे उत्पादक आणि शहरी बारमधली कॉकटेल असा प्रवास सुरू झाला. कोकम, आले, लिंबू, गूळ, मिरची या आपल्याच स्वयंपाकघरातल्या चवी फेणीच्या तीव्र वासाशी जमतात, हे बारवाल्यांच्याही लक्षात आले.

मग सिंधुदुर्गात फेणी का होत नाही?

जीआयचा अर्थच असा की ते नाव ठरलेल्या भागातल्या उत्पादनालाच वापरता येते. सावंतवाडी किंवा दोडामार्गमधल्या बोंडापासून त्याच पद्धतीने मद्य काढले, तरी त्याला ‘फेणी’ म्हणता येणार नाही. वेंगुर्ला काजूलाही जीआय आहे, पण तो बीसाठी.

कोकणात काजूवर काम झालेले नाही असेही नाही. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ सारख्या जाती बागायतदारांमध्ये प्रसिद्ध आहेत. पण सगळा व्यवहार बीभोवती फिरतो. बोंडाचे वजन बीच्या पाच ते दहापट असते. म्हणजे एक टन बी विकणाऱ्या बागेत किमान पाच टन बोंडे पडतात. त्यातली काही गुरांपुढे जातात, काही सरबत आणि सिरपसाठी, उरलेली मातीत.

अडचण फळाच्या स्वभावात आहे. बोंडाची साल पातळ असते आणि पडल्यापासून दिवसभरातच ते आंबू लागते. ते लांबच्या कारखान्यात नेणे परवडत नाही. गोव्यात भट्टीच बागेजवळ असते, म्हणून गणित जमते. इथे तसे करायचे तर गावोगावी छोटी परवानाधारक केंद्रे लागतील. ती वर्षातले जेमतेम तीन महिने चालणार आणि ऐन हंगामात बोंडे वेचायला मजूर मिळवणे ही वेगळी डोकेदुखी.

राज्य सरकारने काय केले?

२०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूची बोंडे आणि मोहाच्या फुलांपासून बनणाऱ्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्य’ या वर्गात घेण्याचा निर्णय घेतला. नाव विचित्र वाटले तरी हेतू सरळ होता. या वर्गातले मद्य परमिट रूम आणि हॉटेलांमध्ये विकता येते, त्याला चांगला भाव मिळू शकतो आणि त्याचा फायदा बोंड विकणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचू शकतो. मात्र कागदावरचा वर्ग बदलल्याने बोंड आपोआप भट्टीपर्यंत जात नाही. त्यासाठी संकलन, परवाने आणि स्वतःचे नाव असलेला ब्रँड या तिन्ही गोष्टी लागतात.

गोव्याहून बाटली आणली तर चालते का?

खवय्यांच्या गप्पांत ‘येताना दोन बाटल्या आण’ हे वाक्य ठरलेले असते. पण गोव्यातले मद्य विनापरवाना महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे. इन्सुली तपासणी नाक्यावर राज्य उत्पादन शुल्क विभाग याच कारणासाठी वाहने तपासतो. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो. वयाची अट बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे, तर फेणीसारख्या कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. गोव्यात ती सरसकट २१ आहे.

घरी हुर्राक काढून पाहण्याचा ‘प्रयोग’ तर विसरलेलाच बरा. विनापरवाना भट्टी लावणे बेकायदा आहेच, शिवाय अल्कोहोलच्या वाफेला आग लागण्याचा धोका असतो. रस्त्याकडेला लेबल नसलेल्या बाटलीत मिळणाऱ्या स्वस्त दारूचा धोका याहून मोठा. अशा दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळलेले असू शकते आणि ते वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले होते.

‘हुर्राक हलका असतो’ हे खरे आहे का?

टक्केवारीच्या हिशेबात खरे, ग्लासच्या हिशेबात नाही. ३० मिलिलिटर फेणीत (४२.८ टक्के) सुमारे १३ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. हुर्राक ग्लासात भरभरून घेतला जातो. ९० मिलिलिटर हुर्राकमध्येही (१५ टक्के) तेवढेच, साडेतेरा मिलिलिटर अल्कोहोल जाते. लिमका आणि लिंबामुळे ते जाणवत नाही, त्यात भर उन्हाची वेळ. म्हणून दुपारच्या जेवणाआधी ‘सरबतासारखा’ घेतलेला हुर्राक अनेकांना संध्याकाळपर्यंत झोपवतो. त्यानंतर दुचाकी किंवा गाडी चालवणे म्हणजे जिवाशी खेळ.

न पिणाऱ्यांसाठी या झाडात काय आहे?

बरेच काही. बोंडाचा ताजा, न आंबवलेला रस, ज्याला गोव्यात ‘नीरो’ म्हणतात, थंड करून पितात. बोंडात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते. घशाला बसणारी तुरट खाज टॅनिनमुळे येते. म्हणून कोकणात बोंडाच्या फोडी मीठ लावून खातात.

आणि उसळ तर आहेच. ओल्या काजूचा चीक हाताला लागला की कातडी सोलवटते, कारण टरफलातले तेल दाहक असते. म्हणून गर काढणाऱ्या बायका आधी हाताला तेल किंवा राख चोळून घेतात. गर कोमट पाण्यात ठेवले की वरची साल सुटते. मग भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटप, मालवणी मसाला, हवा असल्यास एखादा बटाटा आणि शेवटी दोन आमसुले. ओले काजूगर बाजारात महाग का, याचे उत्तर त्या सोलवटलेल्या हातांत आहे.

पुढे काय होऊ शकते?

फेणीचे उदाहरण सांगते की, एकाच फळाची किंमत त्याला मिळालेल्या नावावर, नियमांवर आणि जवळच्या भट्टीवर ठरते. गोव्याला नाव मिळवून वारसा दर्जापर्यंत जायला सात वर्षे लागली आणि त्याआधी शेकडो वर्षांची परंपरा पाठीशी होती. कोकणाला ‘फेणी’ हे नाव मिळणार नाही, पण बोंडाचे सिरप, सरबत, वाइन किंवा स्वतःच्या नावाचे मद्य यांचा रस्ता मोकळा आहे. बोंडाला किलोमागे ठरावीक दर मिळू लागला, तर ते वेचायला माणसे मिळतील. तोवर हंगामात दोडामार्गहून गोव्याकडे जाताना रस्त्यालगतच्या बागांमधून येणारा आंबूस वास हा वाया जाणाऱ्या पिकाचाच वास असेल.