कॅनडाचा अर्ज वेळेवर कसा जाईल?

आपल्या शेतकरी घरांतील काही मुले आखातातून आता कॅनडात कायम वास्तव्यासाठी अर्ज करतात. एक्सप्रेस एंट्रीचे निमंत्रण आल्यावर अर्जाला ६० दिवसच मिळतात. पेरणीच्या दिवशी बी शोधून भागत नाही. म्हणून आम्ही सुचवितो :

१. गेल्या १० वर्षांत जेथे सलग ६ महिने राहिलात, तेथील पोलीस दाखला लागतो. आखातातला दाखला आधीच मागवावा.

२. तपासणी कॅनडा सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी; ती १२ महिने चालते.

३. जन्मदाखला, विवाहदाखला व पासपोर्ट यांवरील नावे ताडून पाहावीत. मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर जोडावे.

४. गावी राहणाऱ्या पत्नीचे व मुलांचेही नाव अर्जात अवश्य द्यावे. आज वगळलेल्या माणसाला पुढे तिकडे बोलावणे फार कठीण होते.